बाकावरचा माणूस

आमच्या गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वातेरा लाखांच्या आसपास भरली. अख्खं मिझोरम राज्य तेव्हा अकरा लाखांच्या आत होतं. म्हणजे आमच्या आठ तालुक्यांत जेवढी माणसं राहतात, त्याहून कमी माणसांच्या राज्यातला एक क्लब २०१७ साली देशाची फुटबॉल लीग जिंकून गेला. कोलकाता नाही, गोवा नाही, बंगळुरू नाही, ऐजॉल. आणि त्या संघाच्या बाकावर जो माणूस बसला होता, त्याला मुंबईच्या क्लबानं काही महिन्यांपूर्वीच नारळ दिला होता.

त्याचं नाव खालिद जमील. आज तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून ओळखला जातो. पण मला त्याच्यात रस वाटायला लागला तो ऐजॉलपासून, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे. गोरेगाव तालुक्यात मी क्रीडाशिक्षक म्हणून जन्म काढला. आमच्याकडे कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे, क्रिकेट तर विचारूच नका. फुटबॉल यायचा तो शाळांच्या सुब्रतो चषकाचं पत्र आलं की. पत्र येणार ऐन पावसाळ्यात, मैदानावर चिखल, अर्धी पोरं घरी धानाच्या रोवणीला. जी उरतील त्यांचा संघ करायचा आणि तालुक्याला न्यायचा. कोण कुठं खेळेल हे पोरांच्या गुणांवरून ठरत नसे, कोण आलं आहे यावरून ठरत असे. त्यामुळे ‘माझ्याकडे हवे ते खेळाडू नाहीत’ अशी कुरकूर न करता संघ उभा करणारा प्रशिक्षक दिसला, की मी खुर्ची पुढं ओढून बसतो.

विदर्भात फुटबॉल नाही असं मात्र नाही. नागपूरला बी.पी.एड. करताना कामठीची पोरं खेळताना पाहिली आणि आपण शाळेत ज्याला फुटबॉल म्हणत होतो तो काय होता हे कळलं. पुढं विजय बारसे सरांनी नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन जे काम केलं, ते ‘झुंड’ चित्रपटामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. पण बारसे सर शिक्षक. खालिदची गोष्ट धंदेवाईक फुटबॉलची आहे. तिथं पगार मिळतो, करार असतो, आणि सलग चार सामने हरलात की घरी पाठवतात.

खालिदचा जन्म १९७७चा, कुवेतचा. आईवडील भारतीय. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आलं आणि पोरगा मुंबईच्या फुटबॉलमध्ये शिरला. मुंबईचा त्या वेळचा फुटबॉल समजून घेतल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. तिथं संघ होते ते कंपन्यांचे आणि खात्यांचे: एअर इंडिया, महिंद्र, रेल्वे, बँका. कूपरेजच्या मैदानावर सामने व्हायचे. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची, आणि नोकरी मिळाली की घरच्यांची फुटबॉलबद्दलची तक्रार बंद व्हायची. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि याच कंपन्यांचे संघ एकदम देशभर खेळू लागले. खालिद मधल्या फळीतला. महिंद्रकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, पुन्हा महिंद्रकडे आला, भारताचा शर्टही त्याच्या अंगावर चढला. कोलकात्याच्या दोन मोठ्या क्लबांनी बोलावलं होतं, पण त्यांच्या शर्टावर मद्यकंपनीचं नाव होतं म्हणून तो गेला नाही, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. पुढं याच दोन्ही क्लबांचा तो प्रशिक्षक झाला.

खेळाडू म्हणून तो फार मोठा झाला नाही. दुखापतींनी त्याला सोडलं नाही. २००५–०६ साली महिंद्र युनायटेडनं राष्ट्रीय लीग जिंकली, त्या संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. हे गोव्याचे, साळगावकर क्लबातले जुने बचावपटू, म्हणजे खेळून प्रशिक्षक झालेलेच. ही परंपरा आपल्याकडे सांगितली जात नाही, म्हणून इथं दोन नावं आणखी घेतो. गोव्याचे आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबाला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, २००५ ते २०१२ या काळात. आणि क्लिफर्ड मिरांडा, धेंपोचाच मधल्या फळीतला खेळाडू, यानं २०२३ मध्ये ओडिशा संघाला सुपर कप जिंकून दिला, तेही हंगामी प्रशिक्षक असताना. या माणसांची चरित्रं निघत नाहीत. क्रिकेटच्या तिसऱ्या पंचाबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत याहून जास्त छापून येत असावं.

महिंद्रनं २०१० साली संघ बंद केला. खालिद त्याआधीच मुंबई एफसी या नव्या क्लबात गेला होता. २००९ मध्ये क्लबानं त्यालाच प्रशिक्षक केलं. वय बत्तीस.

हे वय प्रशिक्षकासाठी फार अवघड. कालपर्यंत ज्यांच्यासोबत कपडे बदलले, ज्यांच्या चेष्टा केल्या, त्यांच्यापैकी एकाला आज सांगायचं की बाबा, तू उद्या खेळत नाहीस. धावायचं वय गेलेलं नसतं, पाय शिवशिवतात, पण शिट्टी तोंडात धरून रेषेच्या अलीकडं उभं राहायचं. माझ्या माहितीतले चांगले खेळाडू इथंच फसले. त्यांना स्वतःला चेंडू थांबवता येतो, म्हणून दुसऱ्याला का थांबवता येत नाही हे त्यांना समजत नाही. मग ते रागावतात. ज्याला खेळताना फार बसून राहावं लागलं, दुखापतीत महिने काढावे लागले, त्यानं बाकावरून सामना बघितलेला असतो. खालिद त्यातला. हा माझा तर्क आहे, पण तीस वर्षं पोरांना खेळवून केलेला तर्क आहे.

मुंबई एफसीत तो सात वर्षं राहिला. भारतीय फुटबॉलमध्ये एका प्रशिक्षकानं एका जागी सात वर्षं टिकणं म्हणजे नवल. बरं, या सात वर्षांत चषक एकही नाही. मग ठेवलं कशासाठी? तर संघ खाली घसरला नाही यासाठी. लीगचा हिशेब सोपा असतो. जिंकला तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरला तर शून्य. मोसमाच्या शेवटी तळाला जो राहील तो खालच्या लीगमध्ये जातो. वरच्या चार संघांचं लक्ष चषकावर असतं आणि तळाच्या चारांचं लक्ष एकमेकांवर. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्यासाठी बरोबरीचा एक गुणही लाखमोलाचा. मोठ्या क्लबासमोर आधी गोल खायचा नाही, चेंडू आपल्या गोलासमोरून लांब फेकायचा, आणि कॉर्नर, फ्री किक, थ्रो मिळाला की त्यावर जीव तोडायचा. कुणी याला रटाळ म्हणेल. खुद्द मुंबईतच म्हणत होते. त्यात कूपरेजच्या दुरुस्तीमुळे या मुंबईच्या संघाला काही मोसम घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. घरच्या सामन्यासाठीसुद्धा घाट चढायचा! तरी दरवर्षी संघ तगला.

२०१६ मध्ये क्लबाला वाटलं, आता बदल हवा. खालिद गेला. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहून घसरली, आणि त्यानंतर क्लबच मिटला. त्याच मोसमात, त्याच लीगमध्ये, ऐजॉल पहिला आला. असा निकाल एखाद्या नाटकात आला असता तर मी लेखकाला म्हटलं असतं की बाप्पा, जरा जास्तच झालं.

ऐजॉलची कथाही सरळ नाही. २०१५–१६ मध्ये हा क्लब आय-लीग या देशाच्या लीगमधून खाली घसरला होता. नियमानं तो पुढच्या वर्षी दिसायलाच नको. पण त्याच सुमारास गोव्याचे जुने क्लब फुटबॉल महासंघाच्या नव्या योजनेवर नाराज होऊन लीगमधून बाहेर पडले. जागा रिकामी झाली आणि ऐजॉलला परत घेतलं. मोसम तोंडावर आलेला, पैसे बेताचे. खालिदनं जाताना मुंबई एफसीतले आपले माहीतगार गडी बरोबर नेले: जयेश राणे, आशुतोष मेहता. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स. परदेशी म्हणाल तर सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान. बाकी बहुतेक मिझो पोरं, हलकी, चपळ, दम न लागणारी.

ऐजॉलचं मैदान डोंगर कापून केलेलं आहे, वर कृत्रिम गवत. खालच्या मैदानांतून येणाऱ्या संघांचे तिथं हाल होतात. पण केवळ मैदानावर लीग जिंकता येत नाही. निम्मे सामने बाहेर असतात. अठरा सामन्यांत ऐजॉलनं अकरा जिंकले, चार बरोबरीत सोडवले, तीन हरले. एकूण ३७ गुण. कोलकात्याचा मोहन बागान ३६ वर थांबला. एका गुणाचं अंतर! मुंबईत सात वर्षं एकेक गुण वेचून ठेवायची जी सवय लागली होती, ती इथं कामी आली असं मला वाटतं. फरक एवढाच, की तिथं तो गुण तळातून वर यायला लागायचा आणि इथं तो शिखरावर चढायला लागला.

शेवटचे दोन सामने तर सांगायलाच हवेत. २२ एप्रिल २०१७ला ऐजॉलमध्ये मोहन बागानशी गाठ. एकच गोल झाला, झोहमिंगलियाना राल्टे या पोरानं केला. मग ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध शिलाँगमध्ये. बरोबरी पुरेशी होती. पण नवव्याच मिनिटाला शिलाँगनं गोल चढवला, आणि तिकडं कोलकात्यात बागान आपला सामना जिंकत होता. म्हणजे असंच राहिलं तर चषक कोलकात्याला. जवळजवळ तासभर ऐजॉल मागं होता. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं चेंडू आत घातला. एक–एक. पुढची तेवीस मिनिटं आणि वरचा वेळ त्यांनी तो एक गुण सांभाळला. ईशान्येकडचा क्लब देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर कोलकात्याचं बोलावणं आलं. ईस्ट बंगालनं भारतीय प्रशिक्षकाला तोवर कुणी दिला नसेल एवढा पगार दिल्याच्या बातम्या होत्या. संघ चौथा आला. मग वर सुभाष भौमिक यांना तांत्रिक संचालक म्हणून आणून बसवलं गेलं. एका म्यानात दोन तलवारी. व्हायचं तेच झालं. २०१९च्या जानेवारीत मोहन बागाननं मोसमाच्या मध्यात बोलावलं. तिथं पाचवा क्रमांक. कोलकात्याची ती दोन वर्षं मी फार उगाळणार नाही. लाखभर लोकांना दर शनिवारी उत्तर द्यायचं आणि क्लबातल्या दहा पदाधिकाऱ्यांना रोज, हे या कमी बोलणाऱ्या माणसाचं काम नव्हे.

आता थोडं कामाच्या स्वरूपाबद्दल. इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे सबकुछ असायचा: खेळाडू विकत घेणार तोच, विकणार तोच, संघ निवडणार तोच. आपल्याकडे मुख्य प्रशिक्षकाच्या हाती इतकं नसतं. क्लबाचा मालक असतो, क्रीडा संचालक असतो, खेळाडू बहुतेक वेळा आधीच घेतलेले असतात. शिवाय कागद लागतात. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशा परवान्यांच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला अभ्यासक्रम, प्रात्यक्षिक, परीक्षा. नुसतं ‘मी भारताकडून खेळलो’ म्हणून भागत नाही, आणि भागूही नये.

इंडियन सुपर लीग आल्यावर क्लबांनी मुख्य प्रशिक्षक परदेशातूनच आणायचा असा जणू दंडकच पाडला. स्पेन, पोर्तुगाल, इंग्लंड, क्रोएशिया. काही खरोखर मोठे होते, काही नुसते गोरे होते. १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं देणारे सय्यद अब्दुल रहीम ज्या देशात होऊन गेले, त्या देशात ही गत. नंतर प्रत्येक संघात एक तरी भारतीय सहायक प्रशिक्षक असला पाहिजे असा नियम झाला. आणि नियमाचा न सांगितलेला उपयोग असा झाला, की परदेशी साहेबाला काढलं की सहायकाला तात्पुरतं उभं करायला माणूस हाताशी असे.

खालिद नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये असाच सहायक होता. २०२१च्या जानेवारीत जेरार्ड नुस यांना काढलं, तेव्हा अकरा सामन्यांत संघाचे बारा गुण होते. कोरोनाचा मोसम, सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये, खेळाडू हॉटेलात कोंडलेले. उरलेले नऊ सामने खालिदकडे आले. सहा विजय, तीन बरोबरी, हार एकही नाही. एकवीस गुण. संघ ३३ गुणांवर तिसरा आला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकानं संघाला तिथवर नेण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्यानं टाकलेल्या धानाच्या पऱ्ह्यावर ऐन पावसात रोवणी करून पीक काढावं, तसं ते काम होतं. खेळाडू तेच, सरावाचं मैदान तेच. बदललं काय? बाहेरून दिसलं ते एवढंच, की बचावाची रांग एकमेकांना धरून उभी राहू लागली आणि चेंडू हिसकावला की चार पासांचा मोह न धरता सरळ पुढं जाऊ लागला. आत काय बोलणं झालं ते त्या पोरांनाच ठाऊक.

त्या कामगिरीवर २०२१च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थईस्टनं त्याला कायम मुख्य प्रशिक्षक केलं. सुपर लीगमधला तो पहिला कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक. वाटलं, आता स्वतःचं पऱ्हं स्वतः टाकेल. आणि संघ अकरांत दहावा आला! मी हे मुद्दाम लिहितो आहे. त्याच्यावर जे लेख येतात त्यांत ऐजॉल असतं, नऊ सामने असतात, हा दहावा क्रमांक मात्र नसतो. तो गाळला की माणूस खोटा वाटायला लागतो. मोसमाच्या मध्यात बिघडलेला संघ हाती घेणं आणि कोऱ्या पाटीवर संघ मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्यात तो तरबेज होता. त्यानंतर एक मोसम तो बेंगळुरू युनायटेडसारख्या खालच्या लीगमधल्या क्लबात जाऊन राबला. सुपर लीगमध्ये बसून आल्यावर खालच्या लीगच्या मैदानावर जाताना किती जणांचे पाय जड होतील? हा गेला.

२०२३ संपता संपता जमशेदपूरनं बोलावलं. पुन्हा तोच प्रकार: परदेशी प्रशिक्षक काढलेला, संघ खाली गेलेला. पण या वेळी पुढचा मोसमही त्याचाच होता आणि तो त्यानं काढून दाखवला. २०२४–२५ मध्ये जमशेदपूर ३८ गुणांसह पाचवा. गंमत अशी की चोवीस सामन्यांत बरोबऱ्या फक्त दोन. बारा जिंकले, दहा हरले. बरोबरीवर जगणारा म्हणून ज्याला नावं ठेवली, त्यानं बरोबरी करणंच सोडून दिलं होतं. बाद फेरीत नॉर्थईस्टला हरवलं, उपांत्य फेरीत मोहन बागानला घरी दोन–एक असं नमवलं, आणि परतीच्या सामन्यात वरच्या वेळेतल्या गोलनं घात केला. सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून तीन–शून्य हार. महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक हा मान मात्र लागोपाठ दोनदा त्याला मिळाला.

इकडं राष्ट्रीय संघाचं दुकान बसलं होतं. १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातले इगोर स्टिमाच आले आणि गेले. मग मानोलो मार्केझ. त्यांच्या काळात बांगलादेशशी घरच्या मैदानावर गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगकडून हार. १ ऑगस्ट २०२५ला महासंघानं खालिदचं नाव जाहीर केलं. त्याच्या आधीचा भारतीय मुख्य प्रशिक्षक शोधायचा तर २०११–१२ पर्यंत मागं जावं लागतं, गोव्याच्या सावियो मदेइरांपर्यंत. तेरा वर्षांनी पुन्हा आपला माणूस.

पहिली परीक्षा महिन्याच्या आत, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये. मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नाहीत. सुनील छेत्रीला खालिदनं स्वतःच संघाबाहेर ठेवलं. देशात सुपर लीग सुरू होणार की नाही याचाच पत्ता नव्हता, त्यामुळे खेळाडूंच्या पायांत सामने नव्हते. आणि यजमान ताजिकिस्तानला भारतानं दोन–एक हरवलं. पाचव्या मिनिटाला पहिला गोल, तेराव्याला दुसरा.

त्या पहिल्या गोलवर थोडं थांबू या. मोहम्मद उवैस या बचावपटूनं बाजूच्या रेषेवरून चेंडू हातानं फेकला आणि तो थेट गोलाच्या तोंडाशी आला. तिथं अन्वर अलीनं डोकं लावलं. उवैस आधी जमशेदपूरला खालिदच्याच हाताखाली होता. लांब थ्रो हे त्याचं हत्यार आहे हे खालिदला वेगळं सांगायची गरज नव्हती. आता हे हत्यार काय असतं? चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो हातानं आत टाकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते असं, की थ्रोवरून येणाऱ्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही. आपला गडी गोलकीपरच्या नाकासमोर, बचावाच्या मागं जाऊन उभा राहिला तरी चालतं. फ्री किकला ही सवलत नाही. म्हणजे तीस मीटर फेकणारा एक पोरगा संघात असेल, तर मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात मिळालेला प्रत्येक थ्रो जवळजवळ कॉर्नरच्या मोलाचा होतो. थेट गोल मात्र होत नाही. मध्ये कुणाचा तरी स्पर्श लागतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे धान कापून झालं की रिकाम्या बांध्यांत पोरं खेळतात. धुरा हीच बाजूची रेषा. काफाचे सामने मोबाइलवर पाहिलेल्या एकानं मला तिथं गाठून विचारलं, “सर, हातानं फेकून गोल करणं हा काय फुटबॉल होय काजी?” मी म्हटलं, फेकून दाखव. त्यानं धावत येऊन फेकला आणि मागचा पाय हवेत. फाउल. दोन्ही पाय जमिनीला, दोन्ही हात चेंडूला सारखे, चेंडू डोक्याच्या मागून वरून आला पाहिजे. पुन्हा फेकला; जेमतेम पंधरा पावलं. ताकद दंडात नसते, ती पोटरीपासून उठून कमरेतून, पाठीच्या ताणातून वर येते. सूर्य मावळेस्तोवर तो फेकत होता आणि दुसरे दोघे गोलासमोर धक्काबुक्की करत जागा धरायला शिकत होते. फेकणं निम्मं, उरलेलं निम्मं म्हणजे पहिली उडी कुणी मारायची आणि सुटलेल्या चेंडूसाठी कुणी थांबायचं. ताजिकिस्तानविरुद्धचा दुसरा गोलही संदेश झिंगननं असाच, गोलकीपरच्या हातून सुटलेल्या चेंडूवर केला होता.

इराणकडून तीन–शून्य, अफगाणिस्तानशी गोलशून्य, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमान. ओमानला आपण तोवर कधी हरवलं नव्हतं. एक–एक अशी बरोबरी, मग पेनल्टींवर विजय. शेवटची किक गोलकीपर गुरप्रीतनं अडवली. आठ दिवस देशाला वाटलं, जादूची कांडी सापडली.

सापडली नव्हती. ऑक्टोबरमध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूर. तिथं झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जण झुंजले आणि ९०व्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी साधली. पाच दिवसांनी गोव्यात, फातोर्ड्याला, छांगटेच्या गोलनं आघाडी घेऊनही दोन–एक हार, आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून एक–शून्य हार. बांगलादेशकडून हरायची वेळ बावीस वर्षांनी आली. समाजमाध्यमांवर त्याची जी आरती ओवाळली गेली, ती इथं उद्धृत करण्याजोगी नाही.

मला विचाराल तर दोष त्याचा आहेच. गोव्यात आघाडी घेतल्यावर संघ मागं सरकत गेला आणि त्यानं तो सरकू दिला. पण त्याच्या कामाची पद्धत पाहिली की अडचण कुठं आहे ते दिसतं. त्याचं सगळं कसब घोटण्यात आहे. बचावाची रांग, थ्रो, कॉर्नर, सुटलेला चेंडू: हे रोज सकाळी, तेच ते, कंटाळा येईपर्यंत करून घ्यावं लागतं. क्लबाचा प्रशिक्षक पोरांना रोज भेटतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला ते महिना-दोन महिन्यांतून आठ-दहा दिवस मिळतात, त्यातले दोन प्रवासात जातात, आणि तेही क्लबानं सोडले तर. काफाच्या वेळी लीगच बंद होती, म्हणून त्याला खेळाडू सलग काही आठवडे हाताशी मिळाले. नऊ सामने न हरण्याचा तो पराक्रम झाला तेव्हाही संघ एकाच हॉटेलात कोंडलेला होता, सकाळ-संध्याकाळ त्याच्या नजरेसमोर. या दोन्ही वेळा संघ त्याचं ऐकून खेळला.

म्हणून ढाक्याच्या हारीनंतर त्याला काढा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही आणि तो तारणहार आहे म्हणणाऱ्यांशीही नाही. महासंघानं त्याला माणूस म्हणून निवडलं, त्याची पद्धत चालायला जे लागतं ते दिलं नाही. लीगचं वेळापत्रक, खेळाडू सोडण्याबद्दल क्लबांशी पक्का करार, आणि स्पर्धेआधी तीन आठवड्यांचं शिबिर, एवढ्या तीन गोष्टी दिल्या आणि तरीही तो सिंगापूरकडून घरी हरला, तर मग नारळ द्यायला मीही हरकत घेणार नाही.